लॉगिनची नवी स्क्रीन : वाचकांचे प्रश्न

नव्या सत्राबरोबर बऱ्याच विद्यापीठांच्या पोर्टलवर दुसऱ्या पडताळणीचं पान बदललं आहे. पासवर्ड टाकल्यावर आता वेगळी स्क्रीन येते, वेगळे प्रश्न विचारते, आणि परीक्षा अर्जाच्या शेवटच्या दिवशी नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कुणाच्याही विद्यापीठाचं नाव छापलेलं नाही, कारण त्याची गरजही नाही: या पत्रांतल्या स्क्रीन मुख्यतः तीनच कंपन्यांच्या आहेत.

आपली कुठली, ते आधी ओळखा. संगणकावर दोन आकडी संख्या मोठ्या अक्षरांत दिसली आणि ती फोनमध्ये टाकायला सांगितलं, तर ती मायक्रोसॉफ्टची पद्धत. विद्यापीठाच्या पानावरून तुम्ही वेगळ्याच पानावर गेलात आणि फोनवर पुश (म्हणजे मंजुरी मागणारी सूचना) पाठवल्याचं तिथे लिहून आलं, तर ड्युओ. अँड्रॉइड फोनवर थेट ‘साइन इन करणारे तुम्हीच का’ असं विचारलं, तर गुगल. खालची उत्तरं वाचताना एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

प्रश्न : पूर्वी फोनवर ‘अप्रूव्ह’ दाबलं की काम व्हायचं. आता संगणकावरचा आकडा बघून फोनमध्ये टाकावा लागतो. वर्गात प्रोजेक्टर सुरू करून मुलं बसलेली असतात, तेव्हा हा वेळ जातो. जुनी पद्धत चालू ठेवता येईल का? (प्राध्यापिका, कॉलेज रोड)

नाही. मायक्रोसॉफ्टने ८ मे २०२३ पासून ऑथेंटिकेटर या आपल्या पडताळणीच्या अ‍ॅपच्या पुश सूचनांसाठी आकडा जुळवणं सगळ्यांना सक्तीचं केलं. विद्यापीठाच्या आयटी विभागालाही ते बंद करता येत नाही.

कारण असं. पासवर्ड चोरीला गेला की चोर लॉगिन करायला बघतो आणि तुमच्या फोनवर सूचना येते. तुम्ही नाकारता. तो पुन्हा पाठवतो, रात्री दोनला पाठवतो, सलग वीस वेळा पाठवतो. वैतागून किंवा झोपेत माणूस एकदा ‘अप्रूव्ह’ दाबून मोकळा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत चोर असाच शिरला. एका कंत्राटदाराच्या फोनवर पुन्हा पुन्हा विनंत्या गेल्या आणि त्यातली एक मंजूर झाली. आकडा जुळवायचा म्हटलं की ही युक्ती चालत नाही, कारण आकडा चोराच्या स्क्रीनवर असतो आणि तुम्हाला तो माहीत नसतो. म्हणून कुणी फोन करून ‘मी आयटीतून बोलतोय, अ‍ॅपमध्ये ४७ टाका’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. आकडा फक्त तुमच्या समोरच्या स्क्रीनवरचा टाकायचा, कुणी सांगितलेला कधीच नाही.

वर्गातल्या वेळेचं म्हणाल, तर तास सुरू व्हायच्या आधी स्टाफरूममध्ये स्वतःच्या लॅपटॉपवर लॉगिन करून ठेवा आणि तोच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडा. ‘स्टे साइन्ड इन’ असं विचारलं तर स्वतःच्या लॅपटॉपवर ‘येस’ म्हणायला हरकत नाही. वर्गातल्या सामायिक संगणकावर मात्र ‘नो’.

आणखी एका गोष्टीने बरेच जण घाबरतात. अ‍ॅपमध्ये आकड्याच्या वर छोटा नकाशा आणि गावाचं नाव दिसतं, आणि नाशिकमध्ये बसून तिथे मुंबई किंवा पुणे लिहून येतं. हे ठिकाण इंटरनेट कंपनीच्या आयपी पत्त्यावरून ठरतं. तुमचं नेट ज्या शहरातून बाहेर पडतं, ते शहर दिसतं. मुंबई दिसली म्हणजे घोटाळा झाला असं नाही. पण त्या क्षणी तुम्ही लॉगिन करतच नसाल, तर नाशिक दिसलं तरी नाकारायचं.

प्रश्न : माझ्याकडे संगणक नाही. फोनवरच पोर्टल उघडते आणि अ‍ॅपही त्याच फोनवर आहे. सूचना आली की तिने आकडाच झाकला जातो. मागे गेले की पान पुन्हा लोड होतं आणि आकडा बदलतो. (विद्यार्थिनी, सिडको)

एकाच फोनवर सगळं करणाऱ्यांची ही अडचण खरी आहे. सूचनेच्या चौकटीत ‘आय कान्ट सी द नंबर’ असं एक बटण असतं. ते दाबलं की चौकट काही सेकंद बाजूला होते. आकडा बघा, लक्षात ठेवा, चौकट परत आली की टाका.

तेही जमत नसेल तर सूचनेला हात न लावता आधी ब्राउझरमधला आकडा वाचा, मग फोनचं अ‍ॅप बदलायचं बटण वापरून ऑथेंटिकेटरवर जा. ब्राउझरमध्ये मागे जायचं बटण दाबू नका आणि पान ताजंही करू नका. दोन्हींमुळे नवी विनंती तयार होते आणि जुना आकडा बाद होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकमधून पोर्टल उघडलं असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅपच्याच आतल्या छोट्या खिडकीत उघडलेलं असू शकतं, आणि अशी खिडकी अ‍ॅप बदलताच बंद पडते. आधी क्रोम उघडा आणि मग त्यात पोर्टल उघडा.

प्रश्न : आमच्याकडे ड्युओ आहे. पूर्वी विद्यापीठाच्या पानाच्या आतच छोटी चौकट यायची. आता पूर्ण पानच बदलतं आणि वर पत्ताही दुसराच दिसतो. हे पान खरं कशावरून? (ग्रंथालय कर्मचारी, गंगापूर रोड)

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा.

ड्युओची जुनी चौकट विद्यापीठाच्या पानात बसवलेली असायची. त्या जुन्या पद्धतीचा आधार कंपनीने ३० मार्च २०२४ ला थांबवला. नवी स्क्रीन ड्युओच्या स्वतःच्या पत्त्यावर उघडते. त्यामुळे पत्ता बदलणं अपेक्षितच आहे, पण तो नेमका कशात बदलला हे बघता यायला हवं.

पत्ता वाचायची रीत अशी. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा आणि त्यानंतरची पहिली तिरपी रेघ शोधा. तिथून डावीकडे, म्हणजे उलटं वाचत या. रेघेला चिकटून असलेलं नाव खऱ्या मालकाचं. ड्युओच्या बाबतीत ते ‘ड्युओसिक्युरिटी डॉट कॉम’ असायला हवं. त्याच्या आधी ‘एपीआय’ ही इंग्रजी अक्षरं आणि आणखी काही अक्षरं-आकडे असतात, ते ठीक आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम’, गुगलचं ‘अकाउंट्स डॉट गुगल डॉट कॉम’. आता समजा पत्ता असा आहे: ‘ड्युओसिक्युरिटी डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट नेट’. सुरुवात ओळखीची वाटते, पण रेघेला चिकटून ‘अमुकतमुक डॉट नेट’ आहे. हे पान अमुकतमुकचं. बंद करा.

मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो. त्यावर बोट ठेवलं की पूर्ण उघडतो. आणि पासवर्डचं पहिलं पान तुमच्या विद्यापीठाचंच असेल तर शेवट बहुधा ‘डॉट एसी डॉट इन’ असा असतो. ही नावं एर्नेट इंडियामार्फत शिक्षणसंस्थांनाच मिळतात, त्यामुळे ती खूण बऱ्यापैकी भरवशाची आहे.

एवढा खटाटोप का, तर नकली पान आता नुसता पासवर्ड चोरून थांबत नाही. ते मधे बसून तुमचा पासवर्ड खऱ्या पानाकडे पाठवतं, खऱ्या पानावरचा आकडा तुम्हाला दाखवतं, तुम्ही तो अ‍ॅपमध्ये टाकता, आणि लॉगिन झाल्याची खूण, म्हणजे कुकी, चोराच्या हाती पडते. आकडा जुळवण्याने हा प्रकार थांबत नाही. तो थांबतो पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात जपलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीच्या सुरक्षा किल्लीने, कारण ती किल्ली खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते आणि दुसऱ्या पत्त्यावर उत्तरच देत नाही. ज्यांच्या हातात गुण भरणं, निकाल किंवा पगाराचं काम आहे, त्यांनी आयटी विभागाकडे ही किल्ली मागून घ्यावी असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : फोनवर सूचनाच येत नाही. स्क्रीनवर वाट बघून वेळ संपतो. अ‍ॅप काढून पुन्हा टाकू का? (अनेक वाचक: नाशिकरोड, पंचवटी, सिन्नर, ओझर)

अ‍ॅप काढू नका. त्याच्यासोबत त्यातली तुमची नोंदणी पुसली जाऊ शकते, आणि मग आता जे निदान कोडवर चालतं तेही जातं. याच कारणाने पूर्ण बाहेर अडकलेल्या वाचकांची पत्रं आमच्याकडे भरपूर आहेत.

आधी काम भागवून घ्या. सूचना आली नाही तरी विनंती अ‍ॅपपर्यंत पोचलेली असू शकते. अ‍ॅप स्वतः उघडा, मायक्रोसॉफ्टमध्ये सूचना तपासायचा पर्याय दाबा. ड्युओमध्ये अ‍ॅप उघडताच थांबलेली विनंती समोर येते. ड्युओचा पुश साधारण मिनिटभरच टिकतो, तेव्हा फोन हातात घेऊन मगच नवा पुश मागवा.

तरीही काही नाही? मग सूचनेचा नाद सोडा आणि कोड वापरा. मायक्रोसॉफ्टच्या स्क्रीनवर खाली ‘ऑथेंटिकेटर अ‍ॅप आत्ता वापरता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, तिच्यात कोडचा पर्याय आहे. ड्युओत ‘अदर ऑप्शन्स’. ही ओळ बारीक अक्षरांत आहे म्हणून लोकांच्या नजरेतून सुटते, पण नव्या स्क्रीनवरची सगळ्यात उपयोगी ओळ तीच. ड्युओची नवी स्क्रीन मागच्या वेळी वापरलेला मार्ग आपणहून निवडते, त्यामुळे मार्ग बदलायचा असेल तर तिथूनच बदलावा लागतो.

आता मूळ दुखणं. बहुतेक वेळा ते फोनच्या बॅटरीबचतीत असतं. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या फोनमध्ये न वापरलेली अ‍ॅप मागून बंद करायची व्यवस्था कडक असते. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. मेनूतले शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अ‍ॅपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा घाईत ‘डोन्ट अलाऊ’ दाबलं गेलं असेल तर सूचना कधीच दिसणार नाही. आयफोनवर फोकस, म्हणजे सूचना गप्प ठेवायची सोय, चालू आहे का ते बघा. डेटा सेव्हर चालू असेल तर या अ‍ॅपला त्यातून सूट द्या.

आणि जर सूचना घरी येते पण कॉलेजात येत नाही, तर फोन निर्दोष आहे. दोष कॉलेजच्या वाय-फायमध्ये असतो. अँड्रॉइडच्या सूचना ५२२८ ते ५२३० या पोर्टांवरून, म्हणजे नेटवर्कच्या ठरावीक क्रमांकांच्या दारांतून, येतात. कॉलेजच्या नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या फायरवॉलने ते बंद केले असतील तर वेबसाइट उघडतात, सूचना मात्र येत नाहीत. पडताळणीपुरतं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा. सूचना लगेच आली तर कारण सापडलं, आणि हे पोर्टांचे आकडे तुमच्या कॉलेजच्या नेटवर्क बघणाऱ्याला लिहून द्या, त्याला दुसरं काही समजावावं लागणार नाही. काही ठिकाणी वाय-फायला जोडल्यावर आधी स्वतंत्र लॉगिन करावं लागतं. ते न केल्यास वाय-फायची खूण दिसते पण नेट नसतं, आणि फोन मोबाइल डेटाकडेही वळत नाही.

प्रश्न : आमच्या अभ्यास केंद्रात संगणकाला नेट आहे, पण मोबाइलला रेंज नाही. एसएमएस येतच नाही. अ‍ॅपचा कोड टाकला तर तोही चुकीचा म्हणतो. (केंद्र सहायक, सुरगाणा)

एसएमएसला रेंज लागते, अ‍ॅपच्या कोडला लागत नाही. नोंदणी करताना जो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन केला, त्यात एक गुप्त किल्ली होती. ती तुमच्या फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये, दोन्हीकडे जपलेली आहे. फोन ती किल्ली आणि घड्याळाची वेळ यांच्यावरून दर ३० सेकंदांनी सहा आकडे काढतो, सर्व्हरही तसेच काढतो, आणि दोन्ही जुळले की दार उघडतं. विमानात असल्यासारखं फोनचं नेटवर्क पूर्ण बंद केलं तरी कोड येत राहतो. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात मोबाइलवर किती ताण येईल ते वेगळं सांगायला नको. पंचवटीत राहणाऱ्यांनीही एसएमएसच्या भरवशावर न राहता अ‍ॅपचा कोड आत्तापासूनच चालू करून घ्यावा.

(जाता जाता: तो क्यूआर कोड कुणालाही व्हॉट्सअ‍ॅप करू नका. ज्याच्याकडे तो आहे, त्याच्या फोनवरही तुमचेच कोड येतील.)

तुमचा कोड चुकतो आहे तो बहुधा घड्याळामुळे. रेंज नसलेल्या ठिकाणी फोनची वेळ आपोआप दुरुस्त होत नाही आणि हळूहळू सरकते. सर्व्हर साधारणपणे मागचा-पुढचा एखादा कोड चालवून घेतो, त्यापलीकडे नाही. केंद्राच्या वाय-फायला फोन जोडा, तारीख आणि वेळेच्या सेटिंगमध्ये वेळ आणि टाइम झोन दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ करा आणि पुढचा कोड यायची वाट बघून टाका.

घड्याळ बरोबर दिसतं तरी कोड चुकतो, असंही होतं. समजा एखादा फोन दुबईहून आलेला आहे आणि त्याचा टाइम झोन अजून दुबईचाच आहे. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. वापरणाऱ्याने टाइम झोन न बदलता काटे हाताने दीड तास पुढे केले. आता फोनवर नाशिकची वेळ दिसते, पण कोड दिसणाऱ्या वेळेवरून निघत नाही, जागतिक वेळेवरून निघतो. फोनच्या हिशेबाने जगाचीच वेळ ९० मिनिटं पुढे गेलेली असते. म्हणजे तो सर्व्हरच्या १८० कोड पुढे आहे. टाइम झोन कोलकाता केला आणि वेळ ऑटोमॅटिक केली की प्रश्न मिटतो.

ड्युओ अ‍ॅपचा कोड मात्र घड्याळाच्या वेळेवरून निघत नाही, एकामागून एक अशा क्रमाने निघतो. तिथे घड्याळाचा संबंध नाही.

प्रश्न : मुलाचा फोन शालिमारला बसमध्ये चोरीला गेला. दोन दिवसांनी ऑनलाइन परीक्षा आहे. सिम नवं घेतलं तरी ओटीपी येत नाही. (पालक, इंदिरानगर)

सिम बदललं की नवं सिम चालू झाल्यापासून २४ तास एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद ठेवलं जातं. दूरसंचार विभागाचा हा नियम दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढणाऱ्या चोरांना रोखण्यासाठी आहे, पण फोन हरवलेल्यालाही तो लागू होतो. कॉल चालू असतात म्हणून सिम बिघडल्यासारखं वाटतं. दुकानात परत जाऊन दुसरं सिम मागू नका, त्याने २४ तास नव्याने मोजले जातील.

तोवर थांबायची गरज नाही. आजच विद्यापीठाच्या आयटी विभागात किंवा हेल्पडेस्कवर मुलाला स्वतः ओळखपत्र घेऊन जाऊ द्या. फोनवर किंवा ईमेलवर हे काम सहसा होत नाही, आणि होऊही नये. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: जुन्या फोनची नोंदणी काढून टाका, आणि नवा फोन जोडेपर्यंत तात्पुरता कोड द्या. ड्युओत त्याला बायपास कोड म्हणतात, मायक्रोसॉफ्टमध्ये टेम्पररी अ‍ॅक्सेस पास. त्याची मुदत आयटी विभाग ठरवतो, तेव्हा परीक्षेची वेळ सांगून मुदत तिथपर्यंत मागा. आणि कोड मिळताच, परीक्षेची वाट न बघता, घरच्या दुसऱ्या फोनवर नोंदणी करून एकदा लॉगिन करून पाहा.

चोरीची तक्रार पोलिसांकडे नोंदवून तिची प्रत घ्या. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायला ती लागते, शिवाय आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही लागतो. तो फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर असतो. फोनमधून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : नवा फोन घेतला. गुगलवरून सगळा डेटा आला, ऑथेंटिकेटर अ‍ॅपही आलं, पण विद्यापीठाचं खातं चालत नाही. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा आहे. (संशोधक विद्यार्थी, म्हसरूळ)

देऊ नका. अजून नाही.

मायक्रोसॉफ्टच्या बॅकअपमधून विद्यापीठाच्या खात्याचं नाव परत येतं, आतली किल्ली येत नाही. नव्या फोनवर नोंदणी नव्याने करावी लागते. संगणकावर ‘मायसाइनइन्स डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ उघडा, जुन्या फोनने पडताळणी द्या, ‘सिक्युरिटी इन्फो’मध्ये ‘अ‍ॅड साइन-इन मेथड’ निवडा आणि नव्या फोनने क्यूआर स्कॅन करा. मग दुसऱ्या ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत नव्या फोनने पूर्ण लॉगिन करून दाखवा. ते झालं की यादीतून जुना फोन काढा आणि मगच तो पुसून द्या. हा क्रम उलटा झाला की आयटी विभागाची खेप ठरलेली.

गुगल ऑथेंटिकेटर असेल तर जुन्या फोनवर खाती एक्स्पोर्ट करून क्यूआर काढता येतो, आणि एप्रिल २०२३ पासून ती गुगल खात्यात जपूनही ठेवता येतात. ड्युओत ‘अदर ऑप्शन्स’खाली ‘मॅनेज डिव्हाइसेस’ दिसतं, विद्यापीठाने ते चालू ठेवलं असेल तर.

नोंदणीच्या पानावर असताना आणखी दोन मिनिटं द्या आणि दुसरा मार्गही नोंदवा: घरातला दुसरा फोन, टॅब, किंवा किमान एक नंबर. गुगलमध्ये आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. फोनमध्येच ठेवले तर फोन हरवल्यावर त्यांचा उपयोग काय?

प्रश्न : ‘हे तुमचं डिव्हाइस आहे का’ असं विचारतं. मी सायबर कॅफेतून अर्ज भरतो. काय दाबू? आणि मित्राच्या लॅपटॉपवर ‘हो’ म्हटलं तरी त्याला रोज का विचारतं? (विद्यार्थी, सातपूर)

कॅफे, सेवा केंद्र, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मित्राचा लॅपटॉप: ‘नो, अदर पीपल यूज धिस डिव्हाइस’. काम झाल्यावर पोर्टलमधून साइन आउट करा आणि ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करा. नुसती टॅब बंद केली तर पुढच्या माणसाला तुमचा मेल उघडा मिळू शकतो.

‘हो’ म्हटल्याची आठवण ब्राउझरच्या कुकीत राहते, विद्यापीठाने ठरवलेल्या दिवसांपुरती. मित्र रोज खासगी खिडकी वापरत असेल, ब्राउझर बंद होताना कुकी पुसायची सोय चालू असेल, किंवा एक दिवस क्रोम आणि एक दिवस फायरफॉक्स असेल, तर ती आठवण राहणार नाही. लॅपटॉप ‘साफ’ करणारी अ‍ॅप हेच करतात.

प्रश्न : रात्री साडेअकराला फोनवर आपोआप पडताळणीची सूचना आली. मी काहीच केलं नव्हतं. पुन्हा पुन्हा येतेय. (लेखनिक, देवळाली कॅम्प)

तुमचा पासवर्ड बहुधा दुसऱ्याला माहीत झाला आहे. ‘नो, इट्स नॉट मी’ दाबा. ड्युओत ‘डिनाय’ केल्यावर संशयास्पद आहे का असं विचारतं, तिथे ‘येस’ म्हणा, म्हणजे आयटी विभागाला कळतं. मग विद्यापीठाचा पत्ता स्वतः टाइप करून पासवर्ड लगेच बदला. तोच पासवर्ड इतर कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. सूचनेचा त्रास नको म्हणून अ‍ॅप बंद करणं हा उपाय नाही, चोरासमोर दार अडवून धरलंय ते त्या अ‍ॅपनेच.

प्रश्न : बुकमार्कवरून उघडलं की ‘स्टेल रिक्वेस्ट’ असं इंग्रजीत येतं. (कनिष्ठ लिपिक, दिंडोरी)

तुम्ही बुकमार्क लॉगिनच्या पानाचा केला आहे. त्या पानाच्या पत्त्यात त्या वेळच्या विनंतीचा क्रमांक असतो आणि तो शिळा होतो. बुकमार्क पुसा आणि पोर्टलच्या मुख्य पानाचा नवा करा. कार्यालयात विंडोज ७ चा संगणक असेल तर आणखी एक: त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे नवी स्क्रीन अर्धवट दिसते किंवा बटण दाबलं जात नाही. इंटरनेट एक्सप्लोररवर तर प्रयत्नच करू नका.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक, अजून तीन पीएचडी विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक आहे. साधा कीपॅडचा फोन वापरतो आणि तोच वापरणार आहे. माझ्यासाठी काही सोय? (वाचक, गंगापूर रोड)

आहे, सर. विद्यापीठाने कॉलचा पर्याय ठेवला असेल तर तुमच्या फोनवर कॉल येतो आणि सांगितलेलं बटण दाबायचं असतं. मायक्रोसॉफ्टच्या कॉलमध्ये ते हॅशचं. काही विद्यापीठं किल्लीच्या जुडग्यात अडकवायचं छोटं टोकन देतात, त्यावर सहा आकडे दिसतात. बटणाचं टोकन असेल तर ते खिशात दाबलं जाणार नाही असं ठेवा. खूप वेळा दाबलं गेलं की त्याचा क्रम सर्व्हरपासून सुटतो आणि आयटी विभागाकडून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

तुम्ही बहुतेक काम घरच्या संगणकावर करत असाल तर आम्ही यूएसबीची सुरक्षा किल्लीच सुचवू. ती लावायची, पिन टाकायचा, तिच्यावरच्या धातूच्या ठिपक्यावर बोट ठेवायचं. आकडे वाचायचे नाहीत, वेळेची घाई नाही. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: किल्लीवर फिडो२ (अशा सुरक्षा किल्ल्यांचं मानक) लिहिलेलं हवं, तुमच्या संगणकाचं भोक मोठं यूएसबी-ए आहे की छोटं यूएसबी-सी ते तपासा, आणि तुमचं विद्यापीठ अशी किल्ली स्वीकारतं का ते आधी विचारा. घ्यायच्या त्या दोन घ्या, दोन्ही एकाच दिवशी नोंदवा आणि दुसरी कपाटात ठेवा. संगणक टेबलाखाली असेल तर यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन किल्ली टेबलावर आणा, नाहीतर दर लॉगिनला वाकावं लागेल.